शेतकरी कंपनीची हिशेबाची फाइल बदलायची वेळ कशी ओळखली: माझा अनुभव

काट्याजवळ मापाऱ्याकडे दोनशे पानी वही असायची. तिच्यात कट्टे आणि वजन होतं, पण आणखी दोन कॉलम पेनानं आखलेले होते: 'खरं खातं' आणि 'खरा गट नंबर'. कॉम्प्युटरवरच्या फाइलमध्ये हे दोन्ही कॉलम आधीच होते. तरी कोणीतरी 'खरं' असा शब्द लिहून वेगळी नोंद ठेवत होतं. फाइल बदलायला झाली, हे सांगायला दुसऱ्या कुठल्या अहवालाची गरज नव्हती. आम्हाला मात्र ते समजायला एक अख्खा हंगाम गेला.

यवतमाळ जिल्ह्यातली शेतकरी उत्पादक कंपनी. सोयाबीन आणि तूर, थोडा हरभरा. स्वतःची खरेदीही करायची आणि हमीभावाच्या खरेदी केंद्राचं कामही पाहायचं. सभासद, सातबारा, आवक, ओलावा, रक्कम हे सगळं एका एक्सेल फाइलमध्ये. फाइल वाईट नव्हती. पहिल्या दोन वर्षांत दोनेकशे सभासद होते तोवर तिनं चोख काम दिलं. पुढं सभासद वाढले, दोन मशीनवर काम सुरू झालं, आणि 'आवक अंतिम', 'आवक अंतिम नवी', 'आवक अंतिम नवी 2' अशी पिलावळ झाली. काट्यावरच्या माणसानं फाइल उघडी ठेवली की ऑफिसातल्याला ती फक्त वाचायला मिळायची. मग तो कॉपी काढणार, आणि संध्याकाळी दोन्ही जुळवत बसणार.

खरा दणका बसला नोव्हेंबर 2024 मध्ये. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत ओलाव्याची मर्यादा 12 टक्के असते. त्या वर्षी केंद्र सरकारनं खरिपापुरती ती 15 टक्क्यांपर्यंत वाढवली. शेतकऱ्यांना दिलासा मिळाला, आमच्या फाइलचं कंबरडं मोडलं. कारण 12 हा आकडा एका जागी नव्हता, प्रत्येक ओळीच्या फॉर्म्युल्यात हातानं लिहिलेला होता: 'जी' (G) कॉलममधला ओलावा 12 पेक्षा जास्त असेल तर 'परत', नाहीतर 'घ्या'. सोपा उपाय म्हणून अख्ख्या शीटमध्ये 12 शोधून 15 टाकायची कमांड दिली गेली. त्यातून काय झालं ते नीट पाहण्यासारखं आहे.

बाराव्या ओळीचा फॉर्म्युला 'जी12' बघत होता, तो आता 'जी15' बघायला लागला. म्हणजे एका शेतकऱ्याचा माल दुसऱ्याच्या ओलाव्यावरून पास-नापास. 112 ची ओळ 115 कडे गेली, 120 ते 129 च्या ओळी 150 ते 159 कडे. ओलाव्याच्या कॉलममध्ये जिथं 12.4 होतं तिथं 15.4 झालं, म्हणजे नव्या नियमानं जो माल घेता आला असता तोच नापास. आणि ऑक्टोबरमध्ये 13.8 ओलावा म्हणून परत पाठवलेला माल फाइलमध्ये 'घ्या' झाला. त्या शेतकऱ्याला आम्ही खरंच परत पाठवलं होतं. आता कागदावर पाहिलं तर घेतला होता, पण पैसे दिले नाहीत, असं दिसत होतं. नियम बदलला तो त्या तारखेपासून पुढं. आमच्या फाइलनं मागचंही बदललं.

त्या रात्री आदल्या दिवशीची कॉपी उघडून काम सावरलं. पण दुसऱ्या दिवसापासून एक काम सुरू केलं, ते कोणालाही करता येईल: आठ दिवस जी जी अडचण येईल ती एका कागदावर, एका ओळीत, कारणासह. 'फाइल बिघडली' असं लिहायचं नाही. कोणत्या खान्यात काय होतं, काय असायला पाहिजे होतं, ते लिहायचं. आठ दिवसांनी कागद वाचला तेव्हा अडचणी चारच प्रकारच्या निघाल्या आणि त्यातल्या एकीचाही कॉम्प्युटर जुना असण्याशी संबंध नव्हता.

पहिली, बँक खातं. एक्सेल आकड्याचे 15 च अंक नीट धरतं. 16 अंकी खातं साध्या खान्यात टाकलं की शेवटच्या अंकाचा शून्य होतो. खात्याच्या सुरुवातीची शून्यं तर लगेच गळतात. 12 किंवा जास्त अंकांचा आकडा '6.01ई+14' असा दिसायला लागतो, मग टाकणारा वैतागून कॉलम रुंद करतो आणि पुढं जातो. नंतर खान्याचा प्रकार टेक्स्ट केला तरी गेलेला अंक परत येत नाही. पासबुकची झेरॉक्स काढूनच तो मिळतो. याहून फसवी गोष्ट पुढं आहे. खातं टेक्स्ट म्हणून बरोबर टाकलं, बँकेसाठी सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी खाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) बनवली, आणि पाठवण्याआधी 'एकदा पाहू' म्हणून डबल क्लिक करून उघडली व सेव्ह केली, की तेच सगळं पुन्हा होतं. सीएसव्हीत खान्याचा प्रकार साठवलेला नसतो. ती नोटपॅडमध्ये बघावी, किंवा एक्सेलमध्ये इम्पोर्ट करताना तो कॉलम टेक्स्ट म्हणून निवडावा.

आयएफएससी, म्हणजे बँक शाखेचा कोड, त्यातही एक ठरलेली चूक असते. तो 11 अक्षरांचा: पहिली चार बँकेची, पाचवा कायम शून्य, पुढची सहा शाखेची. त्या शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' पडतो आणि डोळ्यांना दिसत नाही.

दुसरी अडचण गट नंबरची. ही पाहून हसावं की रडावं कळेना. गट 12/2 टाकला की 12 फेब्रुवारी होतो. पोटहिस्सा 3/1 म्हणजे 3 जानेवारी. 'सातबारा' म्हणून 7/12 टाकलं तर 7 डिसेंबर! दिसायला '12-फेब' दिसतं म्हणून कोणी म्हणेल, चला, कळतंय ना. पण आत एक्सेल तारखेचा अनुक्रमांक ठेवतं. 12/2 हा गट 2024 मध्ये टाकला असेल तर आत 45334 बसतो, तोच 2025 मध्ये टाकला तर 45700. एकच वावर, दोन वर्षांत दोन वेगळे आकडे. पेऱ्याचं क्षेत्र गटाप्रमाणे जुळवायला गेलो तर जुळणार कसं? मापाऱ्याच्या वहीतला 'खरा गट नंबर' यासाठीच होता.

तिसरी, नावं. जुनी यादी कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. कृतिदेवमध्ये अक्षर मराठी दिसतं, पण आत रोमन असतं. 'राम' म्हणजे आत जे, के, ई ही तीन अक्षरं. फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर तीच दिसतात, आणि अकारविल्हे लावलं तर क्रम रोमन अक्षरांचा लागतो. नवी नावं युनिकोडमध्ये, म्हणजे आतही मराठीच असलेल्या अक्षरांत, येत होती, म्हणजे एकाच कॉलममध्ये दोन लिप्या. कन्व्हर्टरनं बहुतेक नावं नीट बदलली, पण रफार आणि पहिली वेलांटी असलेली नावं एकेक करून पाहावी लागली.

सगळं युनिकोड झाल्यावरही 'वऱ्हाडे' आडनाव शोधलं की निम्मे सापडत. 'ऱ्ह' मधला अर्धा र लिहायच्या दोन रीती आहेत. एकात 'ऱ' हे अक्षर आणि हलन्त. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळे शब्द. ज्या भागाचं नावच वऱ्हाड आणि जिथं पऱ्हाटी पिकते, तिथं ही चूक किती ठिकाणी असेल याचा विचार करा. खिडकीशी उभा माणूस विचारतो, "भाऊ, माहं नाव काऊन नाई सापडत? मागच्या वर्षी तं होतं." तो खरंच बोलत असतो. यावर उपाय एक ओळीचा आहे: यादी आत घेताना दुसऱ्या रीतीचे सगळे 'र' पहिल्या रीतीत बदलायचे, आणि पुढंही प्रत्येक नोंद सेव्ह होताना तोच बदल आपोआप करायचा. नावावरून माणूस शोधायचा, पण ओळखायचा सभासद क्रमांकावरूनच.

चौथी अडचण पैशांची. 17 कट्टे, भरलेलं वजन 867.5 किलो. 580 ग्रॅमच्या ज्यूटच्या बारदान्याचे 9.86 किलो वजा, निव्वळ 857.64 किलो. 4892 रुपये क्विंटलनं रक्कम येते 41,955.7488. खान्यात दिसते 41,955.75. बँकेला जाते तीही 41,955.75. पण खालची बेरीज न दिसणाऱ्या दशांशांसकट होते, म्हणून यादीची बेरीज आणि बँकेची बेरीज रोज काही पैशांनी वेगळी. प्रत्येक ओळीतच राउंड लावायला हवं होतं.

ओलाव्याच्या कपातीतही असंच. आमच्या स्वतःच्या खरेदीत 12 च्या वर प्रत्येक टक्क्याला क्विंटलमागे एक किलो घट धरायचा रिवाज होता. 14 टक्क्यांना 2 किलो. कोरड्या मालाचा हिशेब केला तर 100 किलोचे 86 भागिले 88, म्हणजे 97.73 किलो होतात. घट 2.27 किलो. क्विंटलला 270 ग्रॅमचा फरक, शंभर क्विंटलला 27 किलो. कोणती रीत ठेवायची हे संचालकांनी ठरवायचं, पण ती फाइलमध्ये लपून राहता कामा नये.

कागद घेऊन संचालकांपुढं बसलो तेव्हा प्रश्न 'नवं सॉफ्टवेअर घ्यायचं का' हा उरला नव्हता. एक अॅपवाले येऊन गेले होते. 'तुमची यादी द्या, आम्ही चढवून देतो,' म्हणाले. तीच 12-फेब वाली यादी अॅपमध्ये चढली असती. ठरलं ते असं: आधी यादी शुद्ध, मग घर बदल. आणि हंगाम सुरू असताना काहीच नाही. सोयाबीन ऑक्टोबरपासून आणि तूर जानेवारी-फेब्रुवारीपासून सुरू होते. मे महिना मोकळा. मृगाआधी माणसं गावात सापडतात.

नवी मांडणी चार तक्त्यांची केली: सभासद, गट, आवक आणि नियम. खातं, आयएफएससी आणि गट नंबर हे टेक्स्टच, आकडा म्हणून नाहीतच. आयएफएससीचा पाचवा अंक शून्य नसेल तर नोंद सेव्हच होत नाही. सगळ्यात जास्त वेळ 'नियम' या तक्त्यावर घालवला. त्यात पीक, बाब, किंमत, 'पासून' आणि 'पर्यंत' असे पाच कॉलम. सोयाबीन, ओलावा मर्यादा, 12. मग त्याच बाबीची दुसरी ओळ, 15, वेगळ्या तारखांची. हमीभाव 4892 ची ओळ बंद करून 2025-26 साठी 5328 ची नवी. जुनी ओळ कधीच खोडायची नाही. आवकेची प्रत्येक नोंद तिच्या तारखेला लागू असलेली ओळ उचलते, म्हणून मागचं मागंच राहतं.

साठवायला मारियाडीबी हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर, ऑफिसातल्या डेस्कटॉपवर. काट्यापर्यंत चाळीस मीटर केबल टाकली. वायफाय टिनाच्या शेडमध्ये पोचत नव्हतं. एका फाइलचा डेटाबेस शेअर फोल्डरमध्ये ठेवून दोघांनी वापरायचा हा स्वस्त मार्ग सुचवला जातो. तो टाळावा, एकाच वेळी दोघं लिहायला लागले की फाइल बिघडायची भीती असते. लाइन जाणार हे धरूनच यूपीएस आणि रोज संध्याकाळी आलटून पालटून दोन पेनड्राइव्हवर बॅकअप. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून पाहायचा. न उघडलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवायचा नाही.

यादी शुद्ध करायला गावनिहाय प्रिंट काढले: नाव, गट नंबर, खात्याचे फक्त शेवटचे चार अंक. पूर्ण खातं छापून गावात फिरवायचं नाही. पारावर यादी वाचली, चूक तिथंच लाल पेनानं. 1 मे 2025 ला विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली, म्हणून त्या खात्यांची पासबुकं वेगळी तपासायचं ठरलं. त्यातून सभासद तक्त्यात एक कॉलम वाढला: 'खातं शेवटचं कधी तपासलं'.

सोयाबीनचे पहिले दोन आठवडे जुनी फाइल आणि नवी मांडणी दोन्ही चालवल्या. रोज संध्याकाळी तीन बेरजा: कट्टे, निव्वळ वजन, रक्कम. कट्टे पहिल्या दिवसापासून जुळले. वजन तिसऱ्या दिवशी 5.8 किलोनं चुकलं. दहा कट्ट्यांचा बारदाना एकीकडे वजा करायचा राहिला होता. रक्कम शेवटपर्यंत पैशांनी चुकत राहिली, पण ती जुन्या फाइलची चूक होती आणि कारण माहीत होतं. पंधराव्या दिवशी जुनी फाइल फक्त वाचण्यापुरती केली.

काटा कॉम्प्युटरला थेट जोडायचा मोह होता, तो या वर्षी टाळला. वजन स्थिर व्हायच्या आत आकडा उचलला गेला तर चूक कोणाची हे शोधणं अवघड, आणि एका हंगामात एकच मोठा बदल पुरे.

मापाऱ्याची वही अजून आहे. 'खरं खातं' आणि 'खरा गट नंबर' हे कॉलम आता रिकामे जातात. पण गेल्या महिन्यात तिच्यात पेनानं एक नवा कॉलम आखलेला दिसला: 'रिकामा बारदाना कोणी नेला'. पाचव्या तक्त्याचं नाव तेच ठेवलंय.