पैसे नाहीत, मग पीडीएफ घेऊ का?

कॉलेजात बोलायला गेले की कार्यक्रमानंतर कुणीतरी बाजूला येऊन हळूच विचारतं, "मॅडम, पुस्तक घ्यायला पैसे नसतात. टेलिग्रामवरून पीडीएफ उतरवली तर ती चोरी का?" तुम्ही विचारलंत म्हणून सरळ सांगते.

एमएला असताना आम्ही तिघींनी पैसे काढून चारशे पानांचं पुस्तक अख्खं झेरॉक्स केलं होतं. मेसचे पैसे भरल्यावर हातात काही उरायचंच नाही. त्या स्पायरल बाइंडिंगवर मी परीक्षा दिली. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

गेल्या वर्षी मात्र मी अनुवाद केलेलं पुस्तक पीडीएफ होऊन एका ग्रुपवरून माझ्याच फोनवर आलं. पहिल्या पानावर वाचनालयाचा शिक्का, मध्येच एका पानावर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा. दीड वर्ष खपले होते मी त्यावर. आवृत्ती हजार प्रतींची, किंमत ३०० रुपये, त्यातले माझे ३०. त्या तिसाचं एवढं वाटलं नाही. पण पहिली आवृत्ती पडून राहिली की प्रकाशक पुढच्या अनुवादाचं नाव काढत नाही, ते फार लागतं. आणि त्या ग्रुपवर सगळे पगारदार होते हो! खाली नुसत्या हात जोडलेल्या इमोजी.

म्हणून अडलेल्या मुलाला मी चोर म्हणणार नाही. वाच, पण पुढे पाठवू नकोस, एवढंच त्याच्याकडे मागते.

शिवाय बरंच काही हक्कानं फुकट मिळतं. आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांची पुस्तकं २०११ पासून सर्वांना खुली आहेत. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. आधी तिथे बघा.

परवा एका मुलानं माझंच पुस्तक फोनवर उघडून दाखवलं. बिचारा ओशाळला होता. मी त्याला कॉलेजच्या ग्रंथालयात घेऊन गेले आणि मागणीच्या वहीत पुस्तकाचं नाव लिहायला लावलं. त्यानं दोन प्रती लिहिल्या.