जळालेली मोटार सकाळी कशी चालते?

आमच्या केंद्रात सोलर टेक्निशियनचं शिकायला येणारी पोरं बहुतेक कळंब आणि आसपासच्या गावांतली. कुणी आयटीआयमध्ये वायरमन करून घरी बसलेला, कुणी पुण्याच्या कंपनीत कंत्राटावर राबून परत आलेला, कुणी पोलीस भरतीच्या मागे दोन-तीन वर्षं घालवलेला. थोड्या मुलीही असतात. शिकवणं ‘सूर्यमित्र’च्या धर्तीवर, राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा ६०० तासांचा तो अभ्यासक्रम २०१५ मध्ये सुरू झाला. त्यात पॅनल बसवणं भरपूर आहे. पण गावात बसवणारी टोळी येते आणि निघून जाते. नंतर शेतातला सौर पंप बंद पडला की खरा माणूस लागतो. म्हणून मी जमेल तेव्हा बॅच घेऊन बंद पडलेल्या पंपावर जातो.

मार्चमधली गोष्ट. पाच एचपीचा पंप, पंधरा पॅनल एका माळेत जोडलेले. उन्हाळी भुईमूग सुकायला लागला होता. सरकारी योजनेच्या पंपाला पाच वर्षांची दुरुस्तीची हमी असते, तक्रारही नोंदवलेली होती. पाहायला आलेला माणूस मीटर लावून ‘पॅनल ठीक आहेत, मोटार जळाली’ असं सांगून गेला होता.

“उद्या बोअरमधून मोटार काढायची सर, माणसं सांगून ठेवलीत,” पंपाचे मालक, शेतकरी मामा म्हणाले. मग बोलता बोलता, “सकाळी जरा वेळ पाणी येतं, ऊन चढलं की बंद.”

बाकीचे पॅनल मोजत होते. आमच्यातली एक मुलगी मात्र तिथंच थांबली. शिराढोणकडची, बारावी सायन्सनंतर घरीच होती. वर्गात फारशी बोलायची नाही.

“सर, जळालेली मोटार सकाळी तरी कशी चालेल?”

मी उत्तर दिलं नाही. तिलाच म्हटलं, मोज. बिनलोडाचे, म्हणजे पंप न चालवता, ६२० व्होल्ट आले. अशा एका पॅनलचे कागदावर ४६ व्होल्ट असतात, उन्हात तापल्यावर ते उतरतात, म्हणजे पंधरांचा हिशेब जुळत होता. आधीचा माणूस इथंच थांबला असणार. “आता पंप चालू करून बघू,” ती म्हणाली. सुरू केल्यावर, पॅनलची वीज मोटारीला देणाऱ्या कंट्रोलरच्या पडद्यावर व्होल्टचा आकडा पाचशेच्या आसपास टिकायला हवा होता. तो चारशेच्याही खाली घसरला आणि पंप बंद. मोटार नव्हे, माळेतला एखादा जोड सैल! मीटरला नावापुरता करंट लागतो, म्हणून सैल जोडातूनही पूर्ण व्होल्ट दिसतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात करंट कमी, तेवढा तो जोड निभावून न्यायचा. ऊन चढलं की करंट वाढायचा आणि सगळा दाब त्या जोडातच खर्ची पडायचा.

पॅनलच्या पाठीमागून एकेक कनेक्टर बघत गेलो. सातव्या-आठव्याच्या मध्ये एक तपकिरी पडलेला, प्लॅस्टिक वितळून वाकडं झालेलं. एका पोराने लगेच तो ओढायला हात घातला.

“थांब! हात काढ!”

सगळे दचकले. पंप ट्रिप झाला म्हणजे बंद झाला असं नव्हे. कंट्रोलर थोड्या वेळाने आपोआप पुन्हा सुरू होतो. पॅनलची वीज डीसी. चालू करंटात डीसीचा जोड उघडला की आर्क, म्हणजे ठिणगीची सलग ज्योत, पेटतो आणि विझत नाही. घरच्या विजेचा, म्हणजे एसीचा करंट सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, म्हणून तिथली ठिणगी मरते. डीसीला ती सवलत नाही. घरातलं वायरिंग केलेल्या हातांना हे पटायला वेळ लागतो, आणि मला याच एका गोष्टीची सगळ्यात जास्त धास्ती वाटते. आयसोलेटर, म्हणजे पॅनलकडची वीज तोडायचा स्विच, पाडला तरी पॅनल ऊन असेपर्यंत व्होल्ट देतच राहतात. मेन स्विच सूर्याला नसतो.

मग रीतसर केलं. कंट्रोलर बंद, आयसोलेटर बंद, करंट मोजायच्या क्लॅम्प मीटरवर शून्य. रबरी हातमोजे घालून माळ आणखी तीन-चार ठिकाणी सोडवून तुकडे केले, म्हणजे एका ठिकाणी सहाशे व्होल्ट उरत नाहीत. जळका कनेक्टर कापल्यावर कारण दिसलं: तार कनेक्टरच्या पिनेत घट्ट दाबायचं क्रिंपिंग टूल न वापरता तारा पक्कडीने दाबलेल्या होत्या, निम्म्या तर पकडीबाहेर, काळ्या ठिक्कर. दोन्ही बाजू नव्या, एकाच मेकच्या घातल्या. क्रिंप तिनंच केला, ओढून पाहिला, जोडताना ‘टक्’ आवाज आला. पंप सुरू केला तेव्हा टळटळीत ऊन होतं. आकडा पाचशेवर स्थिर राहिला, पाटात पाणी आलं. मामांनी तिथूनच फोन लावून उद्याची माणसं नको म्हणून सांगितलं.

निघताना त्यांनी विचारलं, “किती द्यायचे?” पोरं एकमेकांकडे बघायला लागली. “राहू द्या मामा,” एकजण म्हणालाच. मी अडवलं. मोटार काढून पुन्हा सोडायचे हजारो रुपये वाचले होते, आणि या पोरांना पोट भरायचं ते याच कामावर. फुकट दुरुस्तीची सवय गावाला लागली, तर आम्ही शिकवलेलं सगळं वाया. आकडा तिलाच सांगायला लावला. खूप वेळ घेऊन ती म्हणाली, “तीनशे, आणि कनेक्टरचे वेगळे.” मामांनी पाचशेची नोट दिली आणि तिचा नंबर लिहून घेतला. शेजारच्या वस्तीवरही एक पंप बंद होता.