सिंहगड कुठल्या बाजूला?

आठ दिशा पोरांना पाठ असतात हो, पूर्व आग्नेय दक्षिण नैऋत्य असं एका दमात म्हणून दाखवतात, पण पुण्यातल्या वेताळ टेकडीवर उभं करून विचारा सिंहगड कुठल्या बाजूला, की सगळे आईच्या मोबाईलकडे बघणार. गडावरचा टीव्हीचा टॉवर तिकडे ढळढळीत दिसत असतो तरी. म्हणून सुट्टीत सोसायटीतल्या मुलांना होकायंत्र शिकवायचं काढलं, आणि खरं सांगू का, मलाच ते खेळणं भारी आवडतं.

पोरांना वाटतं सुई रस्ता दाखवणार. तिला बिचारीला तुम्ही कुठे आहात ते माहीत नसतं, कुठे जायचंय तेही नसतं, उत्तर दाखवली की तिचं काम संपलं. पुढचं सगळं आपण करायचं. अंश मोजायचे उत्तरेपासून, घड्याळाच्या काट्यांसारखे, आणि टेकडीवरून सिंहगड साधारण २०० अंशावर येतो. तबकडी फिरवून २०० चा आकडा यंत्राच्या पुढच्या टोकाकडच्या बाणाशी आणायचा, यंत्र छातीशी आडवं धरायचं आणि तबकडीतल्या बाणावर सुईचं लाल टोक येईपर्यंत स्वतः फिरायचं. पायांवर, अख्खं. इथेच गंमत होते, कारण मुलं मनगट वळवतात, यंत्र हलवतात, तबकडीच परत फिरवतात, सुईची मनधरणी चालू असते नुसती, आणि मग एखादी कधीतरी पाय उचलून गर्रकन वळते, मान वर करते आणि ओरडते, "अय्या काकू, समोरच आहे!"

चालताना दुसरी अडचण. नजर सुईवर ठेवून चाललं की माणूस थेट काटेरी झुडपात. म्हणून त्या रेषेवरचं एखादं झाड हेरायचं, यंत्र खाली, झाडापर्यंत मोकळं चालायचं, तिथून पुढचं झाड. टेकडीवर गिरिपुष्पाची झाडं एकसारखी, त्यामुळे वाकडं, फांदी मोडलेलं असलं काहीतरी शोधावं लागतं, आणि झाडांकडे इतकं निरखून बघणं त्या निमित्तानेच होतं बहुतेक. खेळ म्हणाल तर रुपया टाकायचा खाली, ४० पावलं उत्तरेला, मग १२० अंशावर ४०, मग २४० वर ४०. त्रिकोण पुरा होऊन पायाखाली रुपया यायला हवा. पावलं ढापणारा लगेच पकडला जातो, मला ओरडावं लागत नाही.

एकाने हुशारी करून होकायंत्र मोबाईलवरच ठेवलं, दोघांत खरं कोण ते बघायला. फोनच्या स्पीकरमध्ये लोहचुंबक, सुई भलतीकडेच! फोनवाले बाबा मग फोनमधलं होकायंत्र ताळ्यावर आणायला आरती ओवाळल्यासारखा इंग्रजी आठच्या आकड्यात फोन फिरवत बसले. आपला काळा दगडही साधा नाही बरं का, त्यात मॅग्नेटाइट नावाचं चुंबकीय खनिज असतं, त्यामुळे यंत्र कातळावर टेकवून बघू नये.

यावरून मुलांना अलिबागची गोष्ट सांगितली. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालायची. पुढे घोड्यांच्या ट्राम विजेवर न्यायचं ठरलं, त्या विजेने नोंदी बिघडणार म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा केली, लोखंड टाळून बांधलेली, आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे मोजणी चालू ठेवली, जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा जुळावा म्हणून. विजेच्या ट्राम आल्या १९०७ मध्ये, आणि गेल्याही कधीच्या. अलिबागला मोजणी अजून चालू आहे. "म्हणजे ट्रामला घाबरून पळाले?" असं एकाने विचारलं, मी हो म्हटलं, अजून काय म्हणणार.

बाकी आपण नशीबवान. सुई दाखवते ती उत्तर आणि नकाशातली उत्तर यात पुण्यात एका अंशाचाही फरक पडत नाही, सिएटलकडच्या पोरांना मात्र सुमारे १५ अंशांचा हिशोब धरावा लागतो. तेवढं गणित वाचलं.

होकायंत्र घरी न्यायला दिलं ते मात्र अंगाशी आलंय. एका कार्टीने घरभर फिरून आजीला सांगितलं की तुझं ईशान्येचं देवघर चक्क वायव्येला आहे, वास्तुवाल्याने पैसे घेऊन सांगितलं तरी. तेव्हापासून आजींचे फोन येतायत, काकू, एकदा येऊन नीट बघून जा. मी सांगितलंय, आधी फ्रिजपासून लांब उभं राहून परत मोजायला सांगा.