आरसा डाव्या हाताला

जानेवारी, मंगळवार. रात्रीचे साडेदहा.

येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा सण, होऊन महिना होत आला तरी सायकल भिंतीलाच टेकलेली. फेब्रुवारीत व्हिएतनामला हनोई गाठायचं आणि तिथून हो ची मिन्ह शहरापर्यंत सायकलवर, १,७०० किलोमीटरच्या आसपास. आज माझीच मला लाज वाटली, म्हणून लातूरच्या गंजगोलाईजवळ मामांच्या सायकलच्या दुकानात गेलो.

मामांनी मागचं चाक फिरवलं, ते डुलत होतं. "आऊट हाय की. असंच घेऊन जायलास?" गिअरच्या बाजूच्या दोन तारा ढिल्या होत्या. सामानाचा भार मागच्या चाकावर, त्यामुळं तार तुटली तर बहुतेक ह्याच बाजूची. ती बदलायची तर आधी कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा, खोलावी लागते. म्हणजे तो पानाही सोबत आला.

मग मी यादी काढली. चार ट्यूब, दोन टायर, चेन, केबल... "दुकान टाकायलास का तिथं? गावोगाव मिळतं ते नेऊ नको," मामा म्हणाले. यादीवर काट मारत गेलो. उरला हँगर, गिअर ज्याला लटकतो तो अ‍ॅल्युमिनियमचा बोटभर तुकडा. फ्रेम बदलली की हँगर बदलला, त्यामुळं परमुलखात माझ्या मापाचा मिळणं अवघडच. विमानात सायकल खोक्यात भरून न्यायची, त्या खोक्यावर वजन पडलं तर पहिला वाकणार तोच. फ्रेम वाचावी म्हणून तो मऊच ठेवतात. जास्तीचा एक आणि मापाच्या तीन तारा घेतल्या. दोन ट्यूबही ठेवल्याच, मन मानेना.

दुपारी घरी खोक्यात भरायची तालीम. डाव्या पायडलचे आटे उलटे, घड्याळाच्या दिशेनं फिरवलं तरच सुटतं. अर्धा तास जोर लावून मी ते आवळतच होतो. अंगठा सोलला. हे मामांना सांगायचं नाही.

तिकडं वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून हँडलवरचा आरसा डावीकडं लावला. सगळं परत जोडून, सामानाऐवजी पिशव्यांत १२ किलो ज्वारी भरून संध्याकाळी रेणापूर रस्त्याला निघालो. आरशात नुसता हरभरा आणि माझं कोपर. मागून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्यांचा, ते टेपचा आवाज अगदी कानाशी आल्यावर कळलं. झटकन खाली उतरलो. वाटीभर ज्वारी सांडली.

आरसा उद्या परत उजवीकडं. हनोईला उतरल्यावर बदलू. त्याचा पाना वरच्या कप्प्यात ठेवायचा.