परदेशी विद्यापीठाला घेऊन धानोऱ्याकडे: जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी

परदेशी पाहुण्यांना घेऊन गडचिरोलीच्या आत जायचं असेल तर रोवणी आणि धानकापणीचे दिवस सोडा. मार्चमध्ये मोह सुरू होतो आणि मेमध्ये तेंदूपत्ता, तेव्हाही गावात माणूस सापडत नाही. आम्ही जानेवारीअखेर गेलो ते याचसाठी. नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी असा रस्ता आहे. पहाटे निघालात तर जेवायच्या वेळेला गडचिरोलीत पोचता.

सोबत युरोपातल्या एका कॅथलिक विद्यापीठाची मंडळी होती: सार्वजनिक आरोग्याच्या प्राध्यापिका, शेतीचे एक संशोधक आणि परदेश-संबंध विभागाचे फादर. आशिया-आफ्रिकेतल्या ग्रामीण भागात भागीदार शोधणं हे त्यांचं काम, आणि माझं काम गाडी, दुभाषा व गावांशी बोलणी.

अशा विद्यापीठांची एक सोय असते. कुठल्याही देशात उतरलं की ओळखीचं दार आधीच असतं: धर्मप्रांताची शाळा, सिस्टर्सचा दवाखाना, एखादं कॉलेज. नागपूर धर्मप्रांत १८८७ चा, तिथलं सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॉलेज १९५६ चं. जगभरच्या कॅथलिक विद्यापीठांचा महासंघ तर १९२४ पासून आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० मध्ये या विद्यापीठांसाठी जो दस्तऐवज काढला, त्यात जगातल्या साधनसंपत्तीच्या न्याय्य वाटपाचा अभ्यासही त्यांच्या कामात धरला आहे. म्हणून ही माणसं पुण्या-मुंबईवर थांबत नाहीत. पण पैसा चर्चकडूनच येतो हा आपल्याकडचा समज बरोबर नाही. लुव्हेनचं जुनं, १४२५ सालचं विद्यापीठ घ्या. विकसनशील देशांमधली त्यांची बरीच कामं बेल्जियम सरकारच्या विकासनिधीवर चालतात.

माझं मत विचाराल तर हे ओळखीचं दार पहिल्या मुक्कामापुरतं ठीक. सगळी भागीदारी त्याच दारातून गेली तर त्या दारापर्यंत पोचलेलीच गावं दिसतात. फादरांना गाडीत हे सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "म्हणूनच तुम्हाला सोबत घेतलंय."

धानोरा तालुक्यातल्या एका गावात ग्रामसभेपुढे बसलो. (शेजारच्या मेंढा-लेखाचं नाव बहुतेकांनी ऐकलं असेल. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणारं हेच गाव. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात, आणि बाहेरच्या अभ्यासकांनी गावाच्या अभ्यासगटात बसून शिकण्याची जुनी रीत आहे.) प्राध्यापिकाबाईंनी लॅपटॉप उघडला आणि वीज गेली. मग सचिवानेच एक रजिस्टर आणून समोर ठेवलं. आजवर माहिती घेऊन गेलेल्यांची नावं, संस्था, फोन नंबर, विषय, सगळं निळ्या शाईत ओळीने लिहिलेलं. शेवटचा रकाना होता 'अहवाल मिळाला काय'. पानामागून पान तो रकाना कोरा.

मागून एक आजी बोलल्या, "लिहून नेता, पण वापस कोनी आनत नाही." दुभाष्याची गरजच पडली नाही, बाईंना त्यांच्या स्वरावरूनच कळलं. थोड्या वेळाने एका तरुणाने विचारलं, "फादर आले म्हणजे चर्च बांधणार काय?" फादर म्हणाले, "नाही. तसं असतं तर पहिल्यांदा तेच सांगितलं असतं." हा प्रश्न येणारच. गावाने विचारायची वाट पाहू नका. कोण आलंय, पैसा कुणाचा, काय करणार आणि काय करणार नाही, हे मराठीत एका कागदावर लिहून आधीच ग्रामसभेला द्या. गोंडीत सांगणारं माणूस त्याच भागातलं घ्या.

ग्रामसभेने दोन गोष्टी मागितल्या. अहवाल मराठीत गावात वाचून दाखवायचा, आणि गावातल्या पोरापोरींना पाणी-माती तपासायला शिकवायचं. फादरांच्या बॅगेत सामंजस्य करार तयार होता. तो तसाच बॅगेत राहिला, आणि ते बरंच झालं. आपल्याकडे करारावर सही, शाल-श्रीफळ आणि फोटो झाला की काम झालं असं समजतात.

आता कागदपत्रं. पर्यटक व्हिसावर संशोधन चालत नाही, धर्मप्रचार तर नाहीच. परदेशी माणूस जिथे मुक्काम करेल तिथून २४ तासांत त्याची माहिती सरकारकडे भरावी लागते (या अर्जाला पूर्वीपासून 'फॉर्म सी' म्हणतात). गावात कुणाच्या घरी उतरवणार असाल तर हे आधी पोलिस ठाण्यात विचारून ठेवा. आरोग्यावरचं संयुक्त संशोधन असेल तर आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. धानाचं जुनं वाण, मोहाची बी, कसलाही नमुना परदेशी संशोधकाने खिशात टाकायचा नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली त्याला राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी लागते. आमच्या शेतीवाल्या पाहुण्यांचा हात दोनदा पिशवीकडे गेला होता.

पैशाचं आणखी अवघड. पूर्वी नागपूरची मोठी संस्था परदेशी देणगी घ्यायची आणि गावातल्या छोट्या संस्थेला वाटून द्यायची. एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने ते बंद झालं. परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत हवा, आणि खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत. म्हणजे छोट्या संस्थेची या कायद्याखाली स्वतःची नोंदणी नसेल तर पाहुण्यांना निधीची आशा लावूच नका.

संयुक्त पदवीचं स्वप्नही ग्रामीण कॉलेजांनी आवरतं घ्यावं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांप्रमाणे आपल्या संस्थेला नॅकच्या मूल्यांकनात किमान ३.०१ गुण हवेत, किंवा विद्यापीठ म्हणून एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीच्या पहिल्या १०० त नाव, नाहीतर सरकारने दिलेला 'इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स'चा दर्जा. त्यापेक्षा विद्यार्थ्यांची देवाणघेवाण, एकत्र क्षेत्रकाम आणि शोधनिबंधावर स्थानिक माणसाचं नाव, एवढं पदरात पडलं तरी पुष्कळ.

परतीच्या वाटेवर वेळ असेल तर पाहुण्यांना डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या आरोग्य-संस्थेचं शोधग्राम दाखवा, अर्थात आधी कळवून. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. मोजमाप गडचिरोलीतल्या खेड्यांत झालं, लिहिणारेही इथलेच. प्राध्यापिकाबाई तिथे सर्वांत जास्त वेळ रेंगाळल्या.

बाकी, रोख पैसे आणि डिझेल गडचिरोलीतच घ्या, पुढे नेटवर्कचा भरवसा नाही. जेवण ग्रामसभेलाच सांगा आणि पैसे ठरवून द्या. भात-वरण आणि अंबाडीची भाजी पाहुण्यांना सोसते. तिखट मात्र आधीच कमी घालायला सांगा.