दुसरी बायोप्सी कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी

कॅन्सरची गोळी लागू पडायची थांबली, डॉक्टरांनी गाठीचा तुकडा परत काढून तपासायला सांगितलं, की घरातले आधी पेशंटकडेच बघतात. पथ्य मोडलं का, दगदग झाली का, कुणाचं ऐकून काढाबिढा घेतला का. ऐरोलीच्या आमच्या सोसायटीत मी ‘लॅबवाल्या ताई’. लोक फाइल घेऊन दारात येतात आणि फाइल उघडायच्या आधीच हा प्रश्न विचारतात. मध्यंतरी एका काकूंचा मुलगा आला होता. काकूंना फुप्फुसाचा कॅन्सर. तंबाखूला जन्मात हात लावलेला नाही. गोळीवर छान सुधारल्या होत्या, जिने चढत होत्या. आता स्कॅनमध्ये गाठ पुन्हा वाढलेली. “ताई, आई तुळजापूरला गेली, तो प्रवास नडला का?” काकू शेजारीच खाली मान घालून बसल्या होत्या.

नाही नडला. गोळ्या वेळेवर घ्यायलाच हव्यात, पण त्या काकूंनी एकही चुकवली नव्हती. रबाळ्याच्या एमआयडीसीत मी रोज अशाच गाठींमधून डीएनए काढते, म्हणून हे ठणकावून सांगते.

पेशीच्या आवरणात ईजीएफआर नावाचं प्रथिन रोवलेलं असतं. बाहेरून वाढीचा निरोप आला की ते जागं होतं, एटीपी हे पेशीचं इंधन वापरून फॉस्फेट चिकटवतं आणि रास, ईआरके अशा प्रथिनांमार्फत विभाजनाचा हुकूम केंद्रकापर्यंत पोचतो. एल८५८आर या बदलात डीएनएचं एकच अक्षर बदलतं, प्रथिनाच्या साखळीत ८५८व्या जागी ल्युसीन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनीन येतं, आणि निरोप नसतानाही हुकूम सुटत राहतो. २००४ साली असे बदल सापडले, तेव्हा जेफिटिनिब हे गोळीतलं औषध काही मोजक्याच रुग्णांना एवढं का लागू पडतं याचा उलगडा झाला. ते एटीपीच्या जागेत जाऊन बसतं.

पुढच्याच वर्षी त्याच प्रथिनातला टी७९०एम हा आणखी एक बदल सापडला. ७९०व्या जागी मेथिओनीन आलं की एटीपी तिथे इतकं घट्ट धरलं जातं की जेफिटिनिबला शिरकावच मिळत नाही. या गोळीला दाद देईनाशा झालेल्या साधारण निम्म्या गाठींत हाच बदल असतो. त्यावर ओसिमर्टिनिब हे नवं औषध आलं. अमेरिकेत त्याला २०१५ मध्ये मान्यता मिळाली. ते नुसतं बसत नाही, ७९७व्या सिस्टीनमधल्या गंधकाशी पक्का बंध बांधतं. मग त्यालाही चकवणारा सी७९७एस हा बदल सापडला: सिस्टीनच्या जागी सेरीन. या दोन अमिनो आम्लांत फरक एका अणूचा, गंधकाऐवजी ऑक्सिजन. तेवढ्यानं तो बंध होत नाही. इतकी वर्षं हे काम करते, तरी रिपोर्टात हा बदल दिसला की मी क्षणभर थांबते.

हे गाठ ठरवून करत नाही. कोट्यवधी पेशी विभागताना अक्षरं चुकतच असतात. एकच तणनाशक सारखं फवारलं की त्याला न जुमानणारं तण तेवढं माजतं, तसंच हे. कधी कधी टी७९०एमवाल्या थोड्या पेशी पहिल्या गोळीच्या आधीपासूनच गाठीत असतात. बाकीच्या मेल्या की त्यांना मोकळं रान मिळतं. काही गाठी दुसरीच वाट काढतात. मेट या जनुकाच्या प्रती वाढवून त्याच हुकमाला आडमार्गानं नेतात. थोड्या गाठी तर रूपच पालटून स्मॉल सेल कॅन्सर होतात, आणि त्याची केमो अगदी वेगळी.

म्हणूनच दुसरी तपासणी. जुन्या रिपोर्टावर नवं औषध ठरवणं मला पटत नाही. गाठीचा थोडा डीएनए रक्तातही असतो. रक्तातून होणारी तपासणी सोपी, सुई छातीत जात नाही. शक्य असेल तिथे आधी ती करावी. पण रक्तात काही दिसलं नाही म्हणजे बदल नाहीच असं होत नाही, आणि रूप पालटलंय का ते सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा बघूनच कळतं. शिवाय रक्त साध्या ईडीटीए ट्यूबमध्ये (ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन) असेल तर काही तासांतच प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, वेगळा काढावा लागतो. एकदा एका ठिकाणाहून ते दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. पांढऱ्या पेशी फुटून त्यांचा डीएनए मिसळला होता, आणि गाठीचा जो चिमूटभर असतो तो त्यात बुडाला. त्या बाईंना परत टोचून घ्यावं लागलं. मला फार वाईट वाटलं.

हाडातला तुकडा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा की जनुकीय तपासणी करायची आहे. हाड मऊ करायला कडक आम्ल वापरलं तर डीएनएचे तुकडे तुकडे होतात. ईडीटीएनं वेळ लागतो, पण डीएनए टिकतो.

आणि ब्लॉक. तुमचा तुकडा मेणात बसवलेला असतो, अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या चौकटीत. मायक्रोटोमवर मी त्याचे दहा मायक्रॉनचे काप घेते, प्रत्येक पेशंटला नवी पाती लावून, म्हणजे एकाचा डीएनए दुसऱ्यात जायला नको. पॅथॉलॉजिस्टनं स्लाइडवर पेनानं गोल केलेल्या भागातलाच ऊतक खरवडायचा. तुकडा मुळात तांदळाच्या दाण्याएवढा, त्यामुळे आधीच्या तपासण्यांत तो संपलेलाही असू शकतो. किती उरलाय ते विचारा. अर्ज दिला की ब्लॉक मिळतो. तो उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, मेण मऊ होतं. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टावरच्या नंबराशी ताडून बघा, मगच रजिस्टरवर सही करा.