वानची काळी चांदी: मुलामा नव्हे, भरण

इंदूरच्या सराफ्यात काळी चांदी मागितली की ऑक्सिडाइज्ड माल पुढे येतो. त्यातला काळेपणा वरवरचा, घासला की जातो. आर्मेनियन सवातकामाची जातच वेगळी. चांदीत खाचा कोरायच्या आणि काळा मिश्रधातू, म्हणजेच सवात, वितळवून त्यांत भरायचा. चांगल्या कामावरून नख फिरवा, काळं कुठे संपलं आणि पांढरं कुठे सुरू झालं ते बोटाला कळत नाही.

आजच्या पूर्व तुर्कस्तानातलं, वान सरोवराजवळचं वान शहर या कामासाठी नावाजलेलं. तिथले कमरपट्टे आणि सिगारेटच्या डब्या आजही पाहायला मिळतात. डबीवर कधी वानचा किल्ला, कधी अख्तमार बेटावरचं दहाव्या शतकातलं चर्च. १९१५ च्या नरसंहारात तिथली आर्मेनियन वस्ती उद्ध्वस्त झाली, जगले वाचले ते कारागीर हुन्नर घेऊन पांगले.

मिश्रणाचं एक जुनं प्रमाण असं: चांदी १ भाग, तांबं २, शिसं ३, आणि गंधक सढळ हाताने. मुशीत आधी चांदी-तांबं एकजीव करायचं, मग शिसं घालायचं आणि तो रस गंधकावर ओतायचा. हे सगळं उघड्यावरच, कारण धूर विषारी. थंड झालेला गोळा काचेसारखा ठिसूळ होतो. तो कुटून, टाकणखाराच्या पाण्यात कालवून खाचांत भरायचा, पूर्ण सुकवायचा आणि मंद आच द्यायची. पूड चकाकून वाहू लागली की आच त्याच क्षणी काढायची. खरी परीक्षा इथेच आहे. आच कमी पडली तर भरण सच्छिद्र राहतं. जास्त झाली तर फुगे येतात, शिवाय शिसं चांदीलाच खातं आणि नक्षीच्या कडा विरतात. खाच उथळ असेल तर पुढे कानस मारताना काळंही निघून जातं.

झाळकाम (धातूचे सांधे वितळत्या झाळेने जोडणं) आधी, सवात शेवटी. कडक झाळ ७०० अंशांच्या वर वितळते, सवात त्याच्या कितीतरी आधी. जुन्या पट्ट्याची कडी तुटली म्हणून टॉर्च लावला की शेजारची नक्षी गेलीच समजा. तिथे थंड रिव्हेटच मारावा.

उजाळा देण्यासाठीही चांदी बुडवून साफ करायचं द्रावण वापरू नका; ते काळ्या भरणालाही सोडत नाही. मऊ सुती कापडाने हलक्या हाताने पुसावं, तेवढं पुरे.